गुलाल छापताना मळकट का होतो?

कोल्हापुरात राजारामपुरीत डिझाइनचं काम करणाऱ्या एका तरुणानं विचारलंय. त्यानं जोतिबाच्या चैत्र यात्रेवर एक स्मरणिका केली. कव्हरवर गुलालात न्हालेल्या सासनकाठ्या आणि वर निळं आभाळ. स्क्रीनवर गुलाल नुसता पेटलेला दिसत होता. छापून आला तो मळकट गुलाबी, आणि आभाळ जांभळट. तोच फोटो आत मॅपलिथोवर, म्हणजे लेप नसलेल्या साध्या कागदावर होता, तिथं तर पार मेला. कव्हर एका प्रेसला छापलं, आतली पानं दुसरीकडे, आणि दोन्हीकडून एकच उत्तर आलं: "फाइलमध्येच तसं आहे." पुढच्या यात्रेचं कामही त्याच्याकडेच आलंय. फाइल आरजीबीत (स्क्रीनचे लाल, हिरवा, निळा) द्यायची की सीएमवायके (छपाईच्या चार शाया: सायन, मजेंटा, यलो, ब्लॅक) करून, फोटोशॉपमध्ये कुठलं सेटिंग ठेवायचं, आणि स्क्रीनवरचा गुलाल कागदावर येतो तरी का, असे त्याचे तीन प्रश्न आहेत.

उद्यमनगरात ऑफसेटवर पंचवीस वर्षं काढली, त्यातली निम्मी प्रीप्रेसच्या, म्हणजे छपाईआधी फाइल तयार करायच्या टेबलावर. जमेल तेवढं सविस्तर सांगतो.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. सीएमवायकेचे आकडे म्हणजे रंग नव्हे, ते शाईचं माप आहे. "दोन चमचे तिखट" असं कुणी सांगितलं तर आपल्याकडची बाई पहिल्यांदा विचारते, ब्याडगीचं की संकेश्वरीचं? चमचे तेवढेच, पण रस्सा वेगळा होतो. तसंच मजेंटा ९०, यलो १० म्हटलं की कुठल्या कागदावर, कुठल्या शाईनं, किती डॉट गेन (छापताना ठिपका फुगणं) असलेल्या मशीनवर, हे सांगितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही. तुमच्या फाइलमधले आकडे दोन्ही प्रेसनी इमानदारीनं छापले असतील. पण कव्हर आर्ट कार्डावर, म्हणजे लेप दिलेल्या जाड कागदावर होतं आणि आतली पानं मॅपलिथोवर. एकच माप दोन वेगळ्या कढयांत पडलं.

हा अर्थ देण्याचं काम प्रोफाइल करते, म्हणजे कुठला आकडा कुठला रंग हे सांगणारं कोष्टक. १९९३ साली आयसीसी, म्हणजे इंटरनॅशनल कलर कन्सॉर्शियम स्थापन झालं आणि तिथून एकच पद्धत रूढ झाली. फाइलचे आकडे आधी डोळ्याला दिसणाऱ्या रंगात बदलायचे आणि तिथून पुढच्या मशीनच्या मापात. मधली भाषा बहुतेक वेळा लॅब असते, १९७६ साली ठरलेली: एक आकडा उजेडाचा, एक लाल-हिरव्याचा, एक पिवळ्या-निळ्याचा. तुमचा फोटो एसआरजीबीत (आरजीबीचा नेहमीचा प्रकार) असेल तर त्याची प्रोफाइल सांगते की हे आकडे म्हणजे अमुक लॅब. छपाईची प्रोफाइल सांगते की या कागदावर तो लॅब आणायला एवढी शाई लागेल. ही दुसरी प्रोफाइल हवेतून येत नाही. मशीन एका ठरलेल्या स्थितीत आणून आयटी८.७/४ सारखा चार्ट छापतात, त्यात १६१७ चौकोन असतात. प्रत्येक चौकोन स्पेक्ट्रोफोटोमीटरनं मोजतात आणि त्यावरून ते कोष्टक तयार होतं.

आता तुमच्या फोटोशॉपमध्ये बघा. बहुतेक ठिकाणी सेटिंगला कुणी हातच लावलेला नसतो आणि सीएमवायकेपुढं 'यूएस वेब कोटेड स्वॉप व्ही२' लिहिलेलं असतं. ती प्रोफाइल अमेरिकेतल्या वेब-ऑफसेटवर (गुंडाळीच्या कागदावर) छापायच्या मासिकांसाठी केलेली आहे. आपल्या शीटफेड, म्हणजे सुट्या शीटच्या मशीनशी आणि आर्ट पेपरशी तिचा संबंध नाही. प्रेसनं स्वतःची प्रोफाइल दिली तर ती घ्या. नाही दिली तर आर्ट पेपर आणि आर्ट कार्डासाठी फोग्रा ३९ (जर्मनीतल्या फोग्रा संस्थेची मोजमापं) वर आधारलेली 'आयएसओ कोटेड व्ही२', किंवा नवी फोग्रा ५१ ची 'पीएसओ कोटेड व्ही३' आणि मॅपलिथोसाठी फोग्रा ५२ ची 'पीएसओ अनकोटेड व्ही३' ठेवा. कुठली घ्यायची हे प्रेसला विचारूनच ठरवा, कारण ५१ आणि ५२ च्या कागदात पांढरेपणासाठी घातलेला ब्राइटनर धरलेला आहे. तुमचा कागद पिवळसर असेल तर त्या जमणार नाहीत.

एक घोळ मी रोज बघतो. 'असाइन प्रोफाइल' आणि 'कन्व्हर्ट टू प्रोफाइल' या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. असाइन केलं की आकडे तेच राहतात, त्यांचा अर्थ बदलतो. कन्व्हर्ट केलं की दिसणं शक्यतो तसंच ठेवून आकडे बदलतात. कॅमेऱ्यातला फोटो अ‍ॅडोबी आरजीबीत (एसआरजीबीपेक्षा जास्त रंग मावणारा प्रकार) असताना त्याला एसआरजीबी असाइन केलं, तर गुलाल छपाईला जायच्या आधीच फिका पडलेला असतो, आणि दोष मशीनमनवर येतो.

आता गुलाल. इथं मी जरा थांबणार आहे, कारण तुमचं खरं दुखणं इथं आहे.

भिंग घेऊन कव्हरवरचा गुलाल बघा. मजेंटाचे ठिपके इतके दाट असतील की एकमेकांत मिसळलेत, मध्ये थोडे पिवळे, आणि अधूनमधून बारीक निळसर सायनचे. ते सायनचे ठिपके गुलालाचे मारेकरी आहेत. गुलाबीत पाच-सात टक्के सायन आला तरी रंग मळतो, कारण जो लाल प्रकाश परत यायला हवा तोच सायन पिऊन टाकतो. फोटोत सासनकाठीच्या कापडाच्या घड्या आहेत, माणसांच्या अंगावर सावल्या आहेत. त्या सावल्या दाखवायला कन्व्हर्जन सायन घालतं, आणि डॉट गेननं तो मशीनवर आणखी फुगतो.

पण सगळा सायन काढला तरी स्क्रीनवरचा गुलाल येत नाही. त्याचं कारण शाईतच आहे. आदर्श मजेंटानं फक्त हिरवा प्रकाश शोषायला हवा, लाल आणि निळा पूर्ण परत पाठवायला हवा. डब्यातली मजेंटा शाई निळाही बराच शोषते. म्हणजे तिच्यात जणू आधीच थोडा पिवळा मिसळलेला आहे. म्हणून गार गुलाबी, जांभळटपणाकडे झुकणारी गुलाबी छटा तिला पेलत नाही. शिवाय गुलाल ज्या रंगांनी रंगवतात त्यातले काही प्रकाश नुसता परत पाठवत नाहीत. ते कमी तरंगलांबीचा प्रकाश पिऊन गुलाबीत परत देतात, म्हणून तो झगझगतो. पांढऱ्या कागदावरची साधी शाई असं करू शकत नाही. फोटोशॉपमध्ये गॅमट वॉर्निंग लावा. गुलालाचा जवळजवळ सगळा भाग राखाडी होईल. तो सगळा चार शाईंच्या आवाक्याबाहेर आहे.

आवाक्याबाहेरच्या रंगाचं काय करायचं हे रेंडरिंग इंटेंट ठरवतो. 'रिलेटिव्ह कलरिमेट्रिक' आवाक्यातले रंग जागच्या जागी ठेवतो आणि बाहेरचे काठावर आणून टाकतो. दहा वेगवेगळे गुलाबी एकाच मजेंटा शंभरावर येऊन बसतात, घड्या नाहीशा होतात आणि गुलालाचा सपाट ढपला दिसतो. 'पर्सेप्च्युअल' सगळ्याच रंगांना थोडं आत ओढतो. झळाळी जाते, पण छटांमधला फरक टिकतो. सर्वसाधारण फोटोंना मी ब्लॅक पॉइंट कॉम्पेन्सेशनसह (फोटोतला काळा कागदावरच्या काळ्याशी जुळवणारं सेटिंग) रिलेटिव्ह वापरतो. यात्रेच्या फोटोला, जिथं अर्धं चित्रच आवाक्याबाहेर आहे, तिथं पर्सेप्च्युअल. मग कन्व्हर्ट झाल्यावर सिलेक्टिव्ह कलरमध्ये जाऊन मजेंटा भागातला सायन हातानं काढा, सावलीत मात्र थोडा राहू द्या. शेजारचे रंग जरा शांत केले की उरलेला गुलाल डोळ्याला जास्त उजळ वाटतो. डोळा शेजारून तुलना करत असतो, मीटर करत नाही.

आणि पैसे असतील तर पाचवा रंग. पॅन्टोन (क्रमांक दिलेल्या तयार शायांची यादी) ८०६ सारखी फ्लुरोसंट गुलाबी शाई येते. फोटोशॉपमध्ये स्पॉट चॅनल, म्हणजे त्या शाईचा वेगळा थर करून फक्त गुलालाच्या भागात ती प्लेट द्यायची, मजेंटा तेवढ्यात कमी करायचा. मशीन चार कलरचं असेल तर शीट दुसऱ्यांदा जाणार, त्यात रजिस्ट्रेशन, म्हणजे रंगावर रंग नेमका बसणं सांभाळावं लागणार, खर्च वाढणार. शाई उन्हात लवकर उडते, म्हणून दुकानाच्या काचेत लावायच्या पोस्टरला मी ती सुचवत नाही. स्मरणिकेच्या कव्हरला चालते. वर मॅट लॅमिनेशन केलंत तर मात्र झळाळी पुन्हा दबते, तिथं ग्लॉसच घ्या.

आभाळ जांभळं झालं त्याचं कारणही शाईतच आहे. स्क्रीनवरचा शुद्ध निळा, म्हणजे ०, ०, २५५, स्वॉपमध्ये बदलला की साधारण सायन ८८, मजेंटा ७७ येतो. मजेंटा सायनच्या इतका जवळ आला की डोळ्याला जांभळा दिसतो. तटस्थ करडा रंग आणायलासुद्धा सायन जास्त लागतो, ढोबळमानानं सायन ५०, मजेंटा ४०, यलो ४०. म्हणजे दोघे समान झाले की तोल मजेंटाकडे गेलाच. मी निळ्यात सायन आणि मजेंटामध्ये निदान तीसचं अंतर ठेवतो. आभाळाला तर त्याहून जास्त.

आता काळा. हा तुम्ही विचारला नाहीत, पण सांगितल्याशिवाय राहवत नाही, कारण माझ्या हातून यात एक काम वाया गेलेलं आहे. एका सहकारी संस्थेचा वार्षिक अहवाल होता, जुलै महिना. ताळेबंदाची पानं त्यांच्याच ऑफिसमधून वर्डमध्ये आली, अक्षर सात पॉइंटाचं. आरजीबी काळा सरसकट कन्व्हर्ट झाला आणि स्वॉपमध्ये त्याचे होतात सायन ७५, मजेंटा ६८, यलो ६७, ब्लॅक ९०. बेरीज ३००. स्क्रीनवर काळंच दिसत होतं. मी सेपरेशन्स, म्हणजे प्रत्येक शाईची प्लेट वेगळी करून बघितल्या नाहीत. पावसानं कागदानं दमट हवा खाल्लेली, शीट लांबली आणि रजिस्टर एका दशांश मिलिमीटरभर सरकलं. शिरोरेषेच्या वर गुलाबी किनार, अनुस्वाराच्या शेजारी दुसरा निळा अनुस्वार, आणि आकड्यांच्या तक्त्यात ३ आणि ६ ओळखता येईनात. देवनागरीत बारीक रेषा, मात्रा, अनुस्वार इतके की चार प्लेटांचा मजकूर तिला झेपतच नाही. पानं नव्या प्लेटांवर परत छापून दिली. तेव्हापासून माझ्या टेबलावरून एकही पीडीएफ अ‍ॅक्रोबॅटच्या आउटपुट प्रिव्ह्यूमध्ये ब्लॅक प्लेट बंद करून बघितल्याशिवाय पुढं जात नाही. ब्लॅक बंद केल्यावर मजकूर पूर्ण नाहीसा झाला पाहिजे. राहिला तर फाइल परत.

मजकूर नेहमी फक्त ब्लॅक १००, ओव्हरप्रिंटवर, म्हणजे खालचा रंग न कापता त्याच्यावरच. मोठ्या काळ्या पट्ट्यांना खाली थोडा सायन दिला तर काळा भरदार येतो. एकूण शाईची (चारही टक्क्यांची बेरीज) मर्यादा आर्ट पेपरला ३०० ते ३३०, वर्तमानपत्राच्या कागदाला २२० ते २४०. मॅपलिथोला प्रोफाइल ३०० पर्यंत देते, पण आपल्याकडच्या कागदावर आणि पावसाळ्यात मी २६० च्या वर जात नाही. शाई सुकत नाही, थप्पीत वरच्या शीटच्या पाठीला लागते.

ज्यांच्याकडे पॅकेजिंगची कामं आहेत त्यांच्यासाठी यातलाच एक भाग फार उपयोगाचा आहे. आपल्याकडे गुळाच्या बॉक्सचं काम येतं. गुळाचा रंग म्हणजे यलो आणि मजेंटा, आणि खोली आणायला सायन. आता मशीन चालू असताना सायन जरा वर गेला की गूळ हिरवट होतो, आणि हिरवट गूळ कुणी विकत घेत नाही. जीसीआर म्हणजे ग्रे कॉम्पोनंट रिप्लेसमेंट याच कामाचं आहे. तीन शाया मिळून जेवढा करडेपणा करतात तेवढा काढून त्या जागी ब्लॅक घालायचा. मग मशीनवर चढ-उतार झाला तर गूळ थोडा गडद किंवा थोडा फिका होईल, पण गूळच राहील. शाईही कमी लागते, सुकतेही लवकर. चेहऱ्यांना मात्र जड जीसीआर नको, त्वचेत काळे ठिपके खरखरीत दिसतात.

आता तुमचा पहिला प्रश्न. फोटो शेवटपर्यंत आरजीबीत ठेवा, प्रोफाइलसकट. कन्व्हर्जन एकदाच करा, आणि कागद ठरल्यावर. कव्हरसाठी एक कन्व्हर्जन, मॅपलिथोच्या पानांसाठी दुसरं, दोन्ही मूळ आरजीबीतून. एकदा कमी आवाक्यात बसवलेला रंग पुन्हा आरजीबीत नेला तरी गेलेल्या छटा परत येत नाहीत. प्रेसकडे चांगला वर्कफ्लो असेल तर पीडीएफ/एक्स-४ (छपाईसाठीचा पीडीएफचा प्रकार) द्या, त्यात प्रोफाइलसह आरजीबी राहू शकतो. नसेल किंवा खात्री नसेल तर स्वतः कन्व्हर्ट करून पीडीएफ/एक्स-१ए. कोरलमध्ये जोडणी करत असाल तर इम्पोर्ट करताना फोटोची प्रोफाइल टिकते की डॉक्युमेंटच्या प्रोफाइलमध्ये बदलते ते एकदा नीट बघा, तिथं गुपचूप दुसरं कन्व्हर्जन होऊन जातं.

कधीकधी हातात फक्त सीएमवायके फाइल असते, आणि काम आर्ट पेपरवरून मॅपलिथोवर न्यायचं असतं. साध्या पद्धतीनं कन्व्हर्ट केलं तर सीएमवायके लॅबमधून जातो आणि लॅबला ब्लॅक १०० हा मजकूर होता हे माहीत नसतं. बाहेर पडतो तो चार रंगी काळा, म्हणजे माझा ताळेबंद पुन्हा. यासाठी डिव्हाइस लिंक प्रोफाइल असते. ती चार शायांवरून थेट चार शायांवर जाते, शुद्ध काळा काळाच ठेवते, शुद्ध पिवळा पिवळाच. तुमच्या प्रेसकडे ही सोय आहे का, विचारून ठेवा. पॅन्टोनचं कन्व्हर्जनही असंच समजून करा: संस्थेच्या चिन्हाचा केशरी चार रंगांत दिला की तो बहुतेकदा विटकरीकडे झुकतो. ते आधी गिऱ्हाईकाला छापील फॅनमध्ये (रंगांच्या नमुन्याच्या पट्ट्यांत) दाखवा, नंतर भांडण नको.

स्क्रीनचं सांगतो. महागडा मॉनिटर घेण्याआधी कॅलिब्रेटर, म्हणजे स्क्रीनचा रंग मोजून जुळवणारं यंत्र घ्या. ब्राइटनेस १०० ते १२० कॅन्डेला प्रति चौरस मीटरवर आणा. दुकानातून आणल्यासारखी स्क्रीन तीनशेवर ठेवलीत तर कुठलाही कागद मेलेलाच दिसणार. मग कस्टम प्रूफ सेटअपमध्ये प्रेसची प्रोफाइल निवडून 'सिम्युलेट पेपर कलर' टिक करा. पहिल्यांदा धक्का बसतो, सगळं चित्र धुरकट होतं. स्क्रीन पूर्ण चित्रानं भरा, बाजूचे पांढरे पॅनेल झाका, मिनिटभर थांबा. तोच तुमचा कागद आहे. गिऱ्हाईकाचं अप्रूव्हल व्हॉट्सअ‍ॅपवर घेणं बंद करा. फोन तोच फोटो वाढवून दाखवतो, आणि तुम्ही न दिलेला शब्द पाळायची वेळ येते. कव्हरचं तरी कॉन्ट्रॅक्ट प्रूफ (छपाईआधी रंग पक्का करणारा नमुना) काढा, कडेला मीडिया वेजची, म्हणजे तपासायच्या रंगचौकोनांची पट्टी असलेलं. त्यातले ७२ चौकोन मोजले की प्रूफ खरं आहे का ते आकड्यात कळतं.

मशीनच्या बाजूनं दोनच गोष्टी. मॅपलिथोवरचा रंग ओला असताना चांगला दिसतो आणि सुकल्यावर बसतो, म्हणून ओल्या शीटवर खूश होऊन सही करू नका. आणि साध्या ट्यूबलाइटखाली रंग ठरवू नका. ५००० केल्विनचा, रंग नीट दाखवणारा दिवा हवा. तो नसेल तर निदान प्रूफ आणि शीट एकाच उजेडात शेजारी ठेवा. एका उजेडात जुळलेले दोन रंग दुसऱ्यात वेगळे दिसू शकतात, फ्लुरोसंट शाईचे तर नक्कीच.

तुमच्या पुढच्या कव्हरचं मी असं करीन: आर्ट कार्ड, ग्लॉस लॅमिनेशन, गुलालाला पाचवी प्लेट, आभाळातला मजेंटा खाली. आतल्या मॅपलिथोच्या पानांवर गुलालाचा फोटो घेऊच नका. तिथं पालखीचा, दीपमाळेचा, दगडी बांधकामाचा घ्या, करड्या आणि तपकिरी छटा त्या कागदावर छान बसतात. चैत्र पावसाच्या आधी येतो, तेव्हा कागदाचा त्रास कमी असेल. कव्हर मशीनवर चढेल त्या दिवशी खऱ्या गुलालाची पुडी घेऊन या आणि दिव्याखाली शीटशेजारी ठेवा. पुडी पारदर्शक पिशवीत घट्ट बंद असू द्या. रोलरवर कण गेला तर आम्हाला दिवसभर धुलाई करावी लागेल.